बेरीज नऊ: पॅनेलवरच्या बोर्डांची एओआय तपासणी बसवताना

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शेतीपंपाच्या ऑटो स्टार्टरचा कंट्रोल बोर्ड बनतो. तिन्ही फेज आल्या की पंप चालू करायचा, एखादी गेली की लगेच बंद करायचा आणि शेतकऱ्याला मोबाइलवर कळवायचं, एवढं त्याचं काम. आपल्याकडे शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची असते आणि या बोर्डाच्या भरवशावर माणूस घरी झोपलेला असतो. फेज गेल्याचं बोर्डाला कळलंच नाही तर मोटार उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते, तापते आणि जळते. मग मोटार वर काढा, रिवाइंडिंगला द्या, परत सोडा, आणि तोवर उभं पीक पाण्यावाचून.

असा एक बोर्ड शेतातून परत आला. प्रत्येक फेजमागे एक असे तीन ऑप्टोकपलर, म्हणजे फेज आहे की नाही ते प्रकाशाच्या मदतीनं बोर्डाला कळवणारे भाग, त्यावर असतात. त्यातल्या एकाचा एक पाय पॅडवर, म्हणजे सोल्डरसाठी ठेवलेल्या तांब्याच्या जागेवर, टेकलेला दिसत होता, पण सोल्डरनं त्याला धरलेलं नव्हतं. कारखान्यात एओआय, म्हणजे कॅमेऱ्यानं बोर्ड तपासणारं यंत्र होतं आणि रिफ्लोनंतरचं (ओव्हनमध्ये सोल्डर वितळवून भाग जोडल्यानंतरचं) प्रत्येक पॅनेल, म्हणजे एकत्र जोडलेल्या बोर्डांचा ताव, त्याच्या कॅमेऱ्याखालून जात होतं. तरीही हा बोर्ड बाहेर पडला कसा, हा प्रश्न होताच. मला मात्र बोलावलं होतं वेगळ्याच कामासाठी. एओआयचे फॉल्स कॉल (दोष नसताना दिलेले इशारे) फार येतात, ते कमी करून द्या, विशेषतः ऑप्टोकपलरचा दोष ठरवायची मर्यादा जरा सैल करा, असं सांगणं होतं.

एओआयचं प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला ही मागणी रोजची असते आणि ती अवाजवीही नसते. साधा हिशेब करा. एका बोर्डावर एकच फॉल्स कॉल आला तरी आठ बोर्डांच्या पॅनेलवर आठ होतात. मिनिटाला एक पॅनेल येत असेल तर पडताळणीला बसलेल्या माणसाला एका चित्रामागे साडेसात सेकंद मिळतात. त्यात चित्र बघायचं, ठरवायचं, बटण दाबायचं. शिफ्टच्या दुसऱ्या तासानंतर त्या नजरेकडून फार अपेक्षा ठेवणं मला माणुसकीला धरून वाटत नाही.

आता पॅनेल कसं होतं ते सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याच्या रचनेत आहे. एक बोर्ड ८० बाय ५५ मिलिमीटर. दोन रांगांत चार-चार असे आठ बोर्ड, मध्ये व्ही-कट (नंतर बोर्ड तोडून सुटे करायची खाच), आणि दोन्ही लांब बाजूंना ८ मिलिमीटरची पट्टी, म्हणजे रेल. पूर्ण पॅनेल २२० बाय १७६. रिले आणि टर्मिनलची जड बाजू बाहेरच्या अंगाला यावी म्हणून डिझाइन करणाऱ्यानं उजवी रांग १८० अंशांत फिरवली होती. हे सर्रास करतात आणि त्यात गैर काही नाही. डाव्या रांगेत वरून खाली १ ते ४, उजव्या रांगेत वरून खाली ५ ते ८ असे क्रमांक. दोन रेलवर समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकेक फिड्युशियल, म्हणजे यंत्राला जागा ओळखायची खूण, कडांपासून अगदी सारख्या अंतरावर.

एओआय लाइनला जोडलेलं नव्हतं, बाजूला उभं होतं. रिफ्लोतून निघालेली पॅनेलं मॅगझिनमध्ये भरायची, ते ढकलत एओआयपाशी आणायचं, एक माणूस हातानं पॅनेल आत सरकवणार. यंत्रानं पकडलेल्या जागा नोंदीत जातात. मग पॅनेल दुरुस्तीच्या टेबलावर. तिथल्या ताई नोंद वाचतात, त्या क्रमांकाचा बोर्ड सूक्ष्मदर्शकाखाली घेतात, दोष असेल तर सोल्डरिंगनं सुधारतात, नसेल तर 'दोष नाही' अशी नोंद करतात.

मी त्यांच्या शेजारी बसून काम बघत होतो. त्या म्हणाल्या, "सर, मशीन पाय सुटलाय म्हणतं आणि इथे बघावं तर पाय मस्त बसलेला असतो. पहिल्या पहिल्यांदा मी दोन-दोनदा बघायचे. आता कळतंय, हे रोजचंच आहे." त्या बोलता बोलता एका ऑप्टोकपलरवर भिंग लावून दाखवत होत्या आणि खरंच, त्या पायाचं सोल्डर नमुन्यात दाखवावं इतकं सुबक होतं. पायाच्या टोकापासून पॅडपर्यंत उतरती, चकचकीत कड. यंत्राच्या पडद्यावर मात्र त्याच बोर्डाच्या त्याच पायाचं चित्र सपाट आणि तुटक. दोन्ही चित्रं इतकी वेगळी होती की मला मर्यादेची शंका येईना. रंगीत कड्यांच्या प्रकाशात एओआय सोल्डरचा उतार रंगानं ओळखतं. वरून लाल, मधून हिरवा, बाजूनं निळा प्रकाश टाकतात. सपाट पृष्ठभाग लाल दिसतो, चढण निळी. चांगली कड यंत्राला निळी दिसलीच पाहिजे. इथे पडद्यावर लालच लाल होतं. चांगल्या पायाचं असं चित्र येऊच शकत नाही.

म्हणून मर्यादेला हात न लावता मी परत आलेल्या बोर्डाकडे वळलो. यंत्र दोषाची चित्रं साठवून ठेवतं. त्या लॉटची ऑप्टोकपलरची चित्रं एकेक करून बोर्डाशी ताडून पाहिली. ऑप्टोकपलरच्या पाठीवरचं अक्षर एका कडेला किंचित कापलं गेलं होतं आणि पायाशेजारी फ्लक्सचा अर्धगोल डाग होता. ही जोडी एका चित्रात तंतोतंत सापडली. म्हणजे यंत्रानं हा सुटा पाय पकडला होता. नोंद होती: बोर्ड क्रमांक ३, पाय सुटलेला. पुढे दुरुस्तीच्या टेबलाची नोंद: 'दोष नाही'.

बोर्ड उलटा केला. कोरे पीसीबी बनवणारा काही वेळा पॅनेलमधली जागा मागच्या बाजूला बारीक आकड्यात छापतो. त्यानंही छापली होती. आकडा होता ६.

तीन आणि सहा. पॅनेल हातात घेऊन अर्ध्या वर्तुळात फिरवलं आणि उत्तर समोर आलं. उजवी रांग आधीच १८० अंशांत फिरवलेली आहे. आता पूर्ण पॅनेलच १८० अंशांत फिरवलं तर डावी रांग उजवीकडे जाते, उजवी डावीकडे येते, आणि प्रत्येक बोर्डाची दिशाही बरोबर जुळते. पॅनेल जसंच्या तसं दिसतं. फिड्युशियलही एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. यंत्राला काहीच खटकत नाही, कारण खटकण्यासारखं काही उरलेलंच नसतं. फक्त १ च्या जागी ८ येतो, २ च्या जागी ७, ३ च्या जागी ६, ४ च्या जागी ५. कोणत्याही जोडीची बेरीज नऊ.

खात्री करायला सोपा प्रयोग केला. एका टाकाऊ पॅनेलवर २ नंबरच्या बोर्डावरचा एक रेझिस्टर काढून टाकला. सरळ घातलं तर यंत्र म्हणालं, बोर्ड २, भाग नाही. उलट घातलं तर म्हणालं, बोर्ड ७, भाग नाही. दोन्ही वेळा बाकी सगळं हिरवं. टेबलावर ताई रेलवरची अक्षरं सरळ धरून मोजायच्या. एओआयपाशी पॅनेल हाताला येईल तसं जायचं. जेव्हा दोघांची दिशा वेगळी पडायची तेव्हा ताईंच्या भिंगाखाली निरोगी बोर्ड यायचा आणि आजारी बोर्ड पुढे जायचा. ताईंनी जे पाहिलं ते खरं होतं, यंत्रानं जे पाहिलं तेही खरं होतं; पत्र बरोबर लिहिलेलं, पत्ता मात्र समोरच्या घराचा.

ज्या मर्यादेला सैल करायला मला बोलावलं होतं ती सैल केली असती तर हे पायही हिरवे झाले असते आणि फॉल्स कॉलचा आकडा खाली आलेला पाहून सगळ्यांना बरं वाटलं असतं. म्हणून माझं आता ठाम मत आहे की पॅनेलवर काम करताना 'दोष नाही' ही नोंद फॉल्स कॉल म्हणून मोजण्याआधी पॅनेलची ओळख तपासायची. त्या दिवशी कारखान्यात शिल्लक असलेली सगळी पॅनेलं पुन्हा काढली आणि 'दोष नाही' लिहिलेल्या प्रत्येक जागेसाठी नऊमधून वजा करून समोरचा बोर्ड बघितला. बऱ्याच ठिकाणी तिथेही काही नव्हतं, ते खरेच फॉल्स कॉल होते. पण काही ठिकाणी दोष तसाच बसलेला सापडला. तोडून सुटे झालेले बोर्ड मात्र तिन्ही ऑप्टोकपलरवर भिंग धरून एकेक तपासावे लागले, कारण पॅनेलचा बारकोड रेलवर होता आणि रेल तोडल्यावर भंगारात जाते. तिच्याबरोबर आठही बोर्डांचा तपासणीचा इतिहास जातो. ही गोष्ट अनेक ठिकाणी पाहिली आहे आणि दर वेळी जीव हळहळतो.

यानंतर तपासणी मुळापासून बसवली.

सगळ्यात आधी दिशा. नवीन पॅनेलच्या रेखाटनात एक फिड्युशियल रेलवरच १० मिलिमीटर आत सरकवला आणि तिसरा वाढवला. आता उलट पॅनेल गेलं तर सरकवलेल्या जागी फिड्युशियल सापडत नाही आणि यंत्र थांबतं. रेलचा एक कोपराही तिरपा कापायला सांगितला, म्हणजे न बघता हाताला कळतं. पण कोऱ्या पॅनेलचा जुना साठा बराच होता, तो फेकणं परवडणारं नव्हतं. त्यासाठी एका रेलवर छापलेलं पीसीबी बनवणाऱ्याचं चिन्ह कामी आलं. यंत्राला पहिलं काम दिलं की अमुक जागी हे चिन्ह दिसलंच पाहिजे. नाही दिसलं तर पुढे तपासायचंच नाही. शेजारी आठवडा-वर्षाचा आकडाही छापलेला होता, पण तो लॉटगणिक बदलतो, म्हणून त्याला हात लावला नाही. दुरुस्तीच्या टेबलावर हायलमच्या (राळेच्या कडक) शीटचा जिग, म्हणजे पॅनेल बसवायचा साचा, केला. जुन्या पॅनेलसाठी त्याच रेलच्या टोकाला एक भोक पाडलं आणि जिगमध्ये त्या जागी पिन बसवली. पॅनेल एकाच दिशेनं बसतं, दुसऱ्या दिशेनं पिनवर डुगडुगतं.

तिसऱ्या फिड्युशियलचा उपयोग दिशेपुरता नाही. दोन बिंदूंवरून यंत्राला पॅनेल किती सरकलं, किती फिरलं आणि सरसकट किती ताणलं गेलं एवढंच कळतं. लांबीत वेगळं आणि रुंदीत वेगळं ताणलं गेलं असेल तर ते तिसऱ्याशिवाय कळत नाही. शिवाय फिड्युशियल एकमेकांपासून जितके लांब तितकं बरं. दोघांत ४० मिलिमीटर अंतर असेल आणि एकाच्या शोधात २० मायक्रॉनची चूक झाली तर २०० मिलिमीटरवरच्या बोर्डाशी तीच चूक पाचपट, म्हणजे १०० मायक्रॉन होते. फिड्युशियल म्हणजे १ मिलिमीटर व्यासाचा तांब्याचा ठिपका, भोवती किमान २ मिलिमीटर व्यासाची सोल्डर मास्क (बोर्डावरचा रंगीत संरक्षक थर) नसलेली मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत कुणी छपाईचं अक्षर घुसवलं की शोध बिघडलाच म्हणून समजा.

खरे फॉल्स कॉल उरले होतेच. ते भागांच्या नावानं न मांडता पॅनेलवरच्या जागेनं मांडले. आठ चौकोन काढले, प्रत्येकात किती ते लिहिलं. २, ३, ६ आणि ७ या मधल्या चार चौकोनांत, आणि त्यातही मधल्या व्ही-कटच्या बाजूला, गर्दी दिसली. आठही जागी तोच भाग, तीच लायब्ररी (भाग कसा तपासायचा ते यंत्राला सांगणारी नोंद), तोच प्रकाश. म्हणजे कारण भागात नव्हतं, पॅनेल वाकत होतं.

रिफ्लोमध्ये पॅनेल फक्त दोन रेलवर टेकलेलं असतं. एसएसी३०५ हे शिसं नसलेलं सोल्डर २१७ अंशांना वितळायला लागतं, ओव्हनचं शिखर २४० च्या आसपास ठेवावं लागतं. साध्या एफआर४ चं, म्हणजे बोर्डाच्या काचतंतूंच्या पत्र्याचं, राळ १३०-१४० अंशांतच मऊ पडतं. त्यात प्रवासाच्या दिशेनं मधोमध व्ही-कट, जिथे १.६ मिलिमीटरमधली जेमतेम ०.४ उरलेली. बिजागरीच झाली ती. पॅनेल मध्ये झुकतं आणि थंड झाल्यावर तसंच राहतं. सरफेस माउंट बोर्डाला (भाग भोकांत न घालता वरच सोल्डर केलेल्या) आयपीसी या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगसंघटनेच्या मानकात ०.७५ टक्के बाक चालतो. २२० मिलिमीटर लांबीवर तो १.६५ मिलिमीटर होतो. म्हणजे नियमात बसणारं पॅनेलही मध्ये दीड मिलिमीटरनं खाली असू शकतं. वरून सरळ बघणाऱ्या टेलिसेंट्रिक लेन्सला त्याचा फार त्रास नाही. पण ऑप्टोकपलरचे पाय ४५ अंशांत तिरपे बघणाऱ्या बाजूच्या कॅमेऱ्याला बोर्ड दीड मिलिमीटर खाली गेला की पायाची जागा तेवढीच सरकलेली दिसते. यंत्र पायाऐवजी शेजारचा मास्क बघत बसतं आणि सोल्डर नाही म्हणून ओरडतं.

या बोर्डाला खालच्या बाजूला सरफेस माउंटचे भाग नाहीत, त्यामुळे एओआयमध्ये पॅनेलच्या मधोमध खालून आधाराची पट्टी देता आली. दुहेरी बोर्ड असता तर हे इतकं सोपं नव्हतं. पुढच्या पॅनेलसाठी मधल्या व्ही-कटची उरलेली जाडी थोडी वाढवून मागितली. आणि प्रत्येक बोर्डाला स्वतःचे दोन संदर्भबिंदू दिले. जुन्या बोर्डावर लोकल फिड्युशियल नव्हते, म्हणून कर्णाच्या दोन टोकांचे गोल टेस्ट पॅड घेतले. फिनिश एचएएसएल (पॅडवर वितळलेल्या सोल्डरचा थर) असल्यानं हे पॅड फुगीर असतात आणि चमक दर वेळी वेगळी पडते. चमकेवर शोध लावला तर यंत्र भरकटतं. पॅडचा गोल आणि मास्कची कड यांच्या आकारावर लावला तेव्हा स्थिर झालं.

त्याहून मोठा फरक पडला तो मोजणीचा आधार बदलल्यानं. आधीच्या प्रोग्रॅममध्ये भाग कॅड फाइलमधल्या जागेपासून किती सरकला ते मोजत होते. रिफ्लोनंतर त्या आकड्याला अर्थ राहत नाही. आयपीसी-ए-६१० विचारतं ते भाग पॅडच्या बाहेर बाजूला किती लोंबतो. चिपच्या (छोट्या चौकोनी रेझिस्टर-कपॅसिटरच्या) बाबतीत क्लास २ च्या मालाला रुंदीच्या ५० टक्क्यांपर्यंत, त्याहून कडक क्लास ३ ला २५ टक्क्यांपर्यंत, आणि टोकाकडून अजिबात नाही. म्हणून यंत्रानं आधी पॅड शोधायचा आणि भाग त्याच्या तुलनेत मोजायचा असं केलं. पॅनेल ताणलं, झुकलं, तरी पॅड आणि भाग दोघंही बरोबरच सरकतात.

फिरवलेल्या रांगेसाठी कुणीतरी वेगळी लायब्ररी केली होती. ती काढून टाकली. एकच लायब्ररी, रांग फिरवल्याची माहिती मांडणीत. दोन प्रती ठेवल्या की आज डावीकडे केलेली सुधारणा उजवीकडे करायची राहते आणि महिन्याभरानं दोन रांगांचे दोन कायदे होतात.

रेझिस्टरवरची अक्षरं हा वेगळा वैताग. १ टक्क्याचा १० किलो-ओहमचा ०६०३ आकाराचा रेझिस्टर एका कंपनीचा १००२ असा छापून येतो, दुसऱ्या कंपनीचा ०१सी असा, रोमन लिपीतल्या सीसह. दोन्ही बरोबर. खरेदी विभागानं पर्यायी माल मंजूर केला की त्याच दिवशी ते एओआयवाल्याला कळलं पाहिजे, एवढा एक नियम लावून घेतला. सिरॅमिक कपॅसिटरवर तर काहीच छापलेलं नसतं, तिथे चुकीची किंमत एओआयला कधीच दिसणार नाही. ते काम फीडरवर रीळ चढवतानाच्या बारकोडचं.

बॅड मार्कवर मात्र थांबायला हवं. कोऱ्या पॅनेलच्या विजेच्या चाचणीत आठातला एखादा बोर्ड नापास झाला तर पीसीबीवाला त्यावर काळी फुली मारून पॅनेल देतो. भाग ठेवणारं पिक अँड प्लेस यंत्र ती खूण, म्हणजे बॅड मार्क, वाचून त्या बोर्डावर भाग ठेवत नाही. एओआयला हे माहीत नसेल तर रिकाम्या बोर्डावर प्रत्येक भागासाठी 'भाग नाही' अशी रांग लागते. इथे सोय म्हणून एक सेटिंग लावलेलं होतं: बोर्डावर जवळपास सगळेच भाग नसतील तर तो फुलीचा समजून सोडून द्यायचा. मला हे सेटिंग धोक्याचं वाटतं आणि मी ते बंद केलं. प्लेसमेंटमध्ये काही घोटाळा होऊन एखादा चांगला बोर्ड रिकामा राहिला तर तोही गुपचूप सुटेल. आता एओआय खूण स्वतः वाचतं, प्लेसमेंट यंत्रानं कोणते बोर्ड वगळले त्या यादीशी जुळवतं, आणि दोघांचं जमलं नाही तर पॅनेल बाजूला. फुलीची पॅनेलं वेगळी काढून लॉटच्या शेवटी एकत्र चालवायची, हेही ठरलं.

बोर्डाच्या ओळखीसाठी प्रत्येक बोर्डावर छपाईच्या पांढऱ्या चौकोनात लेझरनं कोरलेला कोड आला. स्टिकरचा विचार झाला होता, पण सोल्डर पेस्ट छापण्याआधी लावलेल्या स्टिकरच्या जाडीनं स्टेन्सिल (पेस्ट छापायचा भोकांचा पत्रा) उचललं जातं आणि शेजारच्या बारीक पिचच्या (पाय जवळजवळ असलेल्या) मायक्रोकंट्रोलरवर पेस्ट जास्त पडते. यंत्र आठही कोड वाचतं. एकच वाचून बाकीचे क्रमानं गृहीत धरायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, वेळही वाचतो. पण ज्या कारखान्यात बेरीज नऊ सापडली तिथे ती वापरायला मी तयार नव्हतो. दुरुस्तीच्या टेबलावर ताई आधी बोर्डाचा कोड स्कॅन करतात, मगच त्या बोर्डाची चित्रं उघडतात. क्रमांक मोजायचं कामच उरलं नाही.

रोज शिफ्टच्या सुरुवातीला एक पॅनेल चालवतात ज्यावर मुद्दाम दोष करून ठेवले आहेत: नसलेला भाग, उभा राहिलेला चिप, उलटा डायोड, दोन पायांत सोल्डरचा पूल, कमी सोल्डर, उचललेला पाय. दोन्ही रांगांत, कडेला आणि मध्ये. ते आधी सरळ घालायचं, सगळे दोष बरोबर बोर्डावर सापडले पाहिजेत. मग उलट घालायचं, यंत्रानं घ्यायलाच नकार दिला पाहिजे. दुसरी चाचणी लोक पटकन टाळतात, म्हणून तिच्याशिवाय लॉट सुरूच होणार नाही असं प्रोग्रॅममध्येच बांधलं.

दोन गोष्टी या यंत्राच्या आवाक्याबाहेर राहिल्या. मोबाइलवर कळवणाऱ्या जीएसएम मॉड्यूलच्या कडेचे अर्धगोल जोड दिसतात, पण पोटाखालचे पॅड दिसत नाहीत. त्यासाठी एक्स-रेला नमुने बाहेर पाठवतात. आणि व्ही-कटवर बोर्ड तोडताना कडेजवळच्या सिरॅमिक कपॅसिटरला जाणारा तडा. तो तपासणीनंतर होतो, बहुतेक वेळा वरून दिसतही नाही. व्ही-कटला लागून, त्याच्याशी काटकोनात बसलेले दोन कपॅसिटर नव्या आवृत्तीत आत घेऊन कटाला समांतर फिरवले, हातानं मोडणं बंद करून चाकाच्या कटरवर तोडणी नेली, आणि सुट्या बोर्डाच्या फंक्शनल टेस्टमध्ये तिन्ही फेज एकेक करून तोडून रिले खरंच पडतो का ते बघणं सक्तीचं केलं.